सुपारी फुटेपर्यंत

हे लिहायला मी बसावे की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. मुळशी तालुक्यातल्या रिहे गावच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपलीकडे मी आजवर काही लिहिलेले नाही. ज्यांच्याविषयी लिहायचे ते प्रल्हादभाऊ माझ्या नात्यातले नव्हते, गावचेही नव्हते. त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखणारी माणसे तिकडे अकोल्याकडे आहेत. तरी लिहितो, कारण आमच्या भागात त्यांना ज्यांनी पाहिले त्यांच्या ध्यानात एकच गोष्ट राहिली आहे, की हा माणूस टीव्हीवर गेला आणि हसे करून घेऊन परत आला. ते तेवढेच नव्हते, हे कोणीतरी सांगायला हवे. ज्यांची नावे पुढे येतात त्यांना विचारूनच लिहीत आहे. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

भाऊंची पहिली आठवण म्हणजे दारावरची टकटक. मी तेव्हा लवळ्याच्या कॉलेजात होतो आणि माण गावी मामांकडे राहत होतो. आयटी पार्कात मामांची बरीचशी जमीन गेली. उरलेल्या जागेत त्यांनी दुमजली खोल्या बांधल्या आणि कंपन्यांत काम करणाऱ्या बाहेरगावच्या मुलांना भाड्याने दिल्या. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत एक नवे भाडेकरू आले. उंच, थोडे वाकलेले, खांद्याला कंपनीची काळी बॅग. पहिल्याच संध्याकाळी मी जिन्यातून पाहिले, तर हे गृहस्थ स्वतःच्याच बंद खोलीच्या दारावर बोटाने टकटक करीत होते. जरा थांबले, आणि मग कुलूप काढून आत गेले. खोलीत ते एकटेच राहणार होते.

मामी खाली तांदूळ निवडत होती. तिनेही ते पाहिले. "आत बायको दडवलीया का काय ह्यानं?" ती म्हणाली.

पुढे ओळख झाल्यावर मी भीत भीत त्यांना विचारले. ते अकोल्याकडच्या एका खेड्यातले, त्यामुळे त्यांची बोली निराळी होती. "खोलीले बी सांगा लागते ना बापा, आपून येऊन राह्यलो म्हनून," ते म्हणाले. "न सांगता कोनाच्या घरात शिरू नये."

"पण भाऊ, खोली तर तुमचीच आहे."

"खोली मामाची आहे. मी तं भाडेकरू."

कंपनीत त्यांचे काम होते दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचे. हे मी मामीला समजावून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार? आमच्या सासूबाईंना लई मिळाला आसता की!" भाऊंना हे इतके आवडले, की कोणी कामाचे विचारले तर ते "मी मामीची सासू हाय" असे आमच्या बोलीची नक्कल करीत सांगू लागले.

भाऊंचे लग्न झालेले नव्हते. त्याविषयी ते फारसे बोलत नसत, पण एकदा गच्चीवर कपडे काढताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. ते घरच्यांबरोबर एका गावी मुलगी पाहायला गेले होते. ओसरी भरून माणसे. कोणी मुलीला चालायला लावले, कोणी भाऊंना पगार विचारला. मुलीने आणि भाऊंनी एकमेकांशी एक शब्दही बोलायचा नव्हता. निघताना मुलगी दाराशी आली. तिला काहीतरी विचारायचे होते, असे भाऊंना स्पष्ट वाटले. तेवढ्यात काकांनी जीप सुरू केली. पुढे ते स्थळ मोडले आणि त्या मुलीचे लग्न दुसरीकडे झाले.

"तिले काय इचाराचं होतं, ते मले अजूनही मालूम नाई," भाऊ म्हणाले. "पाहाले सारे जातात दत्ता, बोलाले कोनीच नाई जात."

हे त्यांचे वाक्य मी पुढे अनेकदा ऐकले. त्यातूनच त्यांची वेबसाइट जन्मली. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या खोलीत दिवसभर कॉम्प्युटर चालू असे. एकट्याने बसून त्यांनी ती तयार केली होती. नाव ठेवले होते 'आधी बोलू'. तिथे फोटो नव्हता, आडनाव नव्हते, पगार नव्हता. मुलाने आणि मुलीने एकमेकांशी नुसते लिहून बोलायचे. मन जुळले आणि दोघांनीही हो म्हटले, की मगच एकमेकांची खरी ओळख उघडायची. तिथली मराठी मी तपासून द्यावी, असे भाऊ म्हणाले. मला फार अभिमान वाटला. माझ्या शिक्षणाचा कोणाला उपयोग होईल, असे तोवर वाटलेच नव्हते.

लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. बहुतेकांचे पहिले वाक्य असे, 'जेवलात का?' भाऊ हसत म्हणायचे, "आपल्या लोकाइले प्रेम करा म्हना, तरी पयले जेवनच इचारतीन."

आता मामांविषयी सांगायला हवे. मामा सबंध मुळशीत सोयरिका जुळवणारे मध्यस्थ म्हणून प्रसिद्ध होते. पौडापासून रिहे खोऱ्यापर्यंत त्यांनी जुळवलेली घरे आहेत. कोणी स्थळ सांगितले, की मामा मुलाचे शिक्षण किंवा शेती विचारायच्या आधी विचारत, "मध्यस्थ कोन?" मध्यस्थ पक्का असेल तर स्थळ पक्के, असा त्यांचा हिशेब. भाऊंच्या वेबसाइटची त्यांना गंमत वाटे.

"पाव्हणं," ते म्हणाले, "त्वांड न बघता सोयरीक? आवं, म्हस घेताना बी लोकं दात बघत्यात."

"म्हनूनच तं मामा," भाऊ म्हणाले. "मानसाचे दात नाई पाहाचे."

मामा मोठ्याने हसले. मग मात्र गंभीर होऊन म्हणाले, "तुमी बी आता मध्यस्थच म्हना की. मंग येक ध्यानात ठिवा. सुपारी फुटंस्तवर मध्यस्थाचं त्वांड शिवल्यालं पायजे. घरात न्हाई, दारात न्हाई, बायकूला सुदीक न्हाई. बोलनं आधी फुटलं आन् मागनं सोयरीक मोडली, तर पोराचं काय जात न्हाई. पोरीचं नाव खराब हुतं."

आमच्याकडे सुपारी फोडली, की लग्न ठरले असे धरतात. तोवर मामा कोणाच्या घरी स्थळ घेऊन गेले आहेत, हे मामीलाही कळत नसे. ते परत आले की ती विचारायची, "कुटं गेल्ता?" आणि मामा म्हणायचे, "गाडीत हवा भराया." भाऊंनी हा नियम दोनदा विचारून घेतला. चुका शोधणाऱ्या माणसाच्या सवयीप्रमाणे म्हणाले, "आन् सोता पोरगीच सांग म्हने तं?"

"तरी न्हाई," मामा म्हणाले. "पोरीनं तिच्या बापाला सांगावं. आपुन न्हाई."

त्याच सुमारास एका वाहिनीवर नवा कार्यक्रम सुरू होणार होता. नवा धंदा काढू पाहणाऱ्यांनी तीन उद्योजकांपुढे उभे राहून आपली कल्पना सांगायची. पटली तर ते तिथल्या तिथे भांडवल देणार. भाऊंनी अर्ज केला आणि त्यांना बोलावणे आले. ही गोष्ट त्यांच्यासाठी केवढी मोठी होती, ते मी जवळून पाहिले आहे. कंपन्यांत तेव्हा मंदीची कुजबुज सुरू झाली होती. वेबसाइट वाढवायला माणसे हवी होती, जाहिरात हवी होती. ती एकट्याच्या पगारावर फार दिवस चालणार नाही, हे त्यांना माहीत होते. आम्ही रोज संध्याकाळी त्यांच्या भाषणाचा सराव करायचो. 'मले' म्हटले की मी 'मला' असे सुधारायचो, आणि ते कान पकडायचे.

मग कार्यक्रमाच्या लोकांचा फोन आला. तुमच्यामुळे जुळलेली एखादी जोडी असेल तर त्यांची नावे द्या, आम्ही त्यांना मंचावर आणू. नावे नसतील तर जोडी आहे असे म्हणता येणार नाही. आणि एकही जोडी नसेल, तर उद्योजकांना पटणे अवघड आहे. भाऊ "बरं" म्हणाले आणि फोन ठेवून बराच वेळ कॉम्प्युटरकडे पाहत बसले.

त्याच आठवड्यात मामांची मुलगी उज्वलाताई वर आली. ती पार्कातल्या एका ऑफिसात डेटा एन्ट्रीचे काम करायची. मी खोलीत आहे हे पाहून ती घुटमळली, मग म्हणाली, "दत्ता आपलाच हाय. भाऊ, जोडी म्हणून आमची नावं द्या. मी महेशशी बोलले. आमी दोघं तयार हाय."

मला काहीच माहीत नव्हते. महेश सोलापूरकडचा, दुसऱ्या एका ऑफिसात हिशेब पाहणारा. दोघांचे 'आधी बोलू'वर बोलणे झाले होते, आणि मग ओळख उघडली होती. तो आमच्या जातीतला नव्हता. मामांना यातले काही ठाऊक नव्हते. महेशची नोकरी पक्की झाली की ती घरी सांगणार होती.

भाऊ म्हणाले, "नाई."

"आवं, कधीतरी कळनारच हाय की! तुमचं काम तरी व्हईल."

"तुह्या बापाले टीव्हीवरून कळावं काय?" भाऊ म्हणाले. "पोरीनं बापाले सांगा लागते, टीव्हीनं नाई. आन् हा नियम मले त्यानंच शिकवला. त्याचाच नियम त्याच्याच पोरीवर मोडू?"

उज्वलाताईच्या डोळ्यांत पाणी आले. भाऊ घाईघाईने म्हणाले, "जाय बापा आता. जेवलीस का?" आणि तिला रडता रडता हसू आले.

कार्यक्रमाला येणाऱ्याने घरची दोन माणसे आणायची होती. भाऊंचे वडील नव्हते, आईला एवढा प्रवास झेपत नव्हता, धाकट्या भावाला शेत सोडून येता येईना. म्हणून त्यांनी मामांना आणि मला नेले. मामा कडक इस्त्रीची टोपी घालून आले होते. पुण्याच्या स्टुडिओत पोचेपर्यंत ते ड्रायव्हरला सांगत होते, "आमचं पाव्हणं हायेत. टीव्हीवर निगाल्यात."

भाऊ बोलायला उभे राहिले. मी पाठ करून घेतलेले पहिले वाक्य त्यांनी अगदी स्वच्छ म्हटले. "आपल्याकडे पाहायला सगळे जातात, बोलायला कोणीच जात नाही." टाळ्या पडल्या. माझा श्वास मोकळा झाला. मधल्या खुर्चीतल्या उद्योजकांनी विचारले, "आडनाव नाही, जात नाही, पगार नाही. मग लोक तुमच्याकडे येतील कशाला?"

"बोलाले, साहेब," भाऊ म्हणाले. सगळे हसले, पण ते हसणे चांगले होते.

शेजारच्या खुर्चीतल्या उद्योजक बाईंनी मामांकडे पाहून भाऊंना विचारले, "हे तुमचे वडील का?"

"मी मालक," मामा उठून उभे राहत म्हणाले. "खोलीचा."

"मग मालक, तुमच्या मुलीचं नाव घालाल का या वेबसाइटवर?"

"आमच्यात न्हाई चालत त्ये," मामा म्हणाले. "पन मानूस लई चांगला हाय." पुन्हा हशा झाला. मी खाली पाहिले.

मधले उद्योजक पुढे झुकले. ते चांगल्या मनाने बोलत होते, असे मला आजही वाटते. म्हणाले, "मला तुमची कल्पना आवडली आहे. एकच सांगा. आजवर एक तरी जोडी जुळली का? एक दाखवा, मी आत्ता पैसे घालतो."

मामा माझ्या कानाशी कुजबुजले, "आरं, सांग म्हनावं की! येखादी तरी जुळली आसंल."

भाऊंनी आमच्या बाजूला पाहिले. माझ्याकडे नाही, मामांकडे. मग समोर वळून म्हणाले, "नाही साहेब. एकही नाही."

पाठ केलेले नसूनही ते वाक्य त्यांनी अगदी शुद्ध म्हटले.

परतताना गाडीत मामा त्यांची समजूत घालत होते. "पाव्हणं, मनाला लावून घिऊ नगा. पन वाईच खोटं बोलाया शिका. जुळली म्हनायचं येक. कोन बगाया येतंय?"

"शिकून राह्यलो, मामा," भाऊ म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

कार्यक्रम टीव्हीवर लागला, तेव्हा मामीने शेजारपाजार गोळा केला होता. टाळ्यांचे वाक्य दाखवलेच नाही. 'आमच्यात न्हाई चालत' दाखवले आणि 'एकही नाही' दाखवले, मागे गमतीचे संगीत लावून. दुसऱ्या दिवसापासून चौकातली पोरे भाऊंना पाहिले की ओरडायची, "एक बी न्हाई!" रिक्षावाला म्हणायचा, "काय भाऊ, आमचं तरी जुळवा, तेवढीच येक व्हईल." भाऊ हात वर करून हसायचे आणि पुढे जायचे. उज्वलाताई तेव्हा खिडकीतून मागे सरायची. एकदा मी संतापून पोरांच्या अंगावर गेलो. भाऊंनी माझा दंड धरला. "राहू दे लेका. लोकाचं हसनं काई महाग नाई."

मंदी आली, तशी भाऊंची नोकरी गेली. वेबसाइट बंद झाली. जायच्या दिवशी मामीने त्यांच्या पिशवीत इंद्रायणी तांदूळ घातला. मामा म्हणाले, "दुसरीकडं जमलं न्हाई तर परत या. खोली तुमचीच हाय." भाऊ म्हणाले, "खोली मामाची," आणि रिक्षात बसले. नंतर त्यांचा नंबर बदलला. माझा त्यांच्याशी संबंध तुटला.

पुढे महेशची नोकरी पक्की झाली आणि उज्वलाताईने घरी सांगितले. मामा ओरडले नाहीत. ते नुसते बोलायचे थांबले. ताट वेगळे घेऊन अंगणात बसायचे. मामी माझ्याकडे पाहून मान हलवायची. असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी चहा पिताना मामा एकदम म्हणाले, "मध्यस्थ कोन हुता?"

उज्वलाताई म्हणाली, "प्रल्हादभाऊ."

"कवा जुळलं?"

"टीव्हीच्या आधी."

मामांच्या हातातली कपबशी तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी होकारार्थी मान हलवली. उज्वलाताई म्हणाली, "मी सांगा म्हनलं हुतं, आबा. त्ये न्हाई म्हनले. म्हनले, तुझ्या बापाचा नेम हाय."

मामांनी कपबशी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "आन् मी त्याला खोटं बोलाया शिकवत हुतो."

त्या दिवशी कोणी नवा भाडेकरू खोली बघायला आला होता. मंदीत कोपऱ्यातली खोली रिकामीच पडली होती. मामा किल्ली घेऊन वर गेले. मी मागे होतो. दाराशी ते थांबले, आणि कुलूप काढण्याआधी त्यांनी दारावर टकटक केली.

महेशच्या घरची माणसे आली, बोलणी झाली. मामांचे काही भाऊबंद आले नाहीत. जे आले त्यांनी विचारले, तर मामा एवढेच म्हणायचे, "मध्यस्थ पक्का हाय." सुपारी फुटली. आमच्यात मध्यस्थाला मान म्हणून टॉवेल-टोपी, नारळ आणि शर्ट-पँटचे कापड देतात. मामांनी स्वतः पौडला जाऊन भाऊंसाठी कापड आणले. उंच माणूस, कमी पडू नये म्हणून जास्त घेतले. लग्नाच्या आधी भाऊंना बोलवायचे ठरले. शेजारच्या चाळीत त्यांच्या तालुक्यातला एक मुलगा राहायला आला होता, त्याच्याकडून घरचा नंबर मिळाला.

फोन मी लावला. मामा समोर कापडाची घडी घेऊन उभे होते. भाऊंच्या धाकट्या भावाने फोन उचलला. मी माणहून बोलतो म्हटल्यावर त्याने माझे नाव विचारले. मग म्हणाला, प्रल्हाद गेला. कावीळ झाली होती. कोणाला सांगितले नाही, अंगावर काढली. पावसाळ्याआधीची गोष्ट.

 मी फोन ठेवणार, तेवढ्यात तो म्हणाला, "एक इचारू का? तो म्हने, माह्या हातून एक जोडी जुळली आहे तिकडं. आम्ही लय इचारलं, कोन म्हनून. आईनं बी इचारलं, शेवटी शेवटी. पन नाव काई सांगे नाई. म्हने, सुपारी फुटू द्या, मंग सांगतो." तो थांबला. "फुटली का?"

मी मामांकडे पाहिले.

"फुटली," मी म्हणालो.